बेटावर जाणारी लोकल

तुम्ही शेवटचे बेटावर कधी गेला होतात?

अंदमान, बाली, मालदीव तूर्त बाजूला ठेवा. डोंबिवली, कल्याण, दिवा, मुंब्रा यांपैकी कुठेही राहत असाल आणि ठाण्यात, अंधेरीत नाहीतर बीकेसीत नोकरीला असाल, तर उत्तर आहे, आज सकाळी. कळवा सुटलं की डब्यात तो ओळखीचा वास शिरतो, उतरणाऱ्यांची दाराकडे ढकलाढकली सुरू होते आणि खालून येणारा चाकांचा आवाज एकदम बदलतो. तो खाडीवरचा पूल. पुलाच्या अलीकडे देशाची मुख्य भूमी, पलीकडे साष्टी बेट. एवढी खाडीपार सफर करून आपण काय करतो? कार्ड पंच करतो!

साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचं बेट, अशी या नावाची फोड सांगतात. उत्तरेला वसईची खाडी, ईशान्येला उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. ठाणे शहर बसलंय बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात. बांद्रा, बोरिवली, मुलुंड, भाईंदर सगळं याच बेटावर. जगातल्या सर्वांत जास्त लोकवस्तीच्या बेटांमध्ये साष्टीची गणना होते. पण पूल इतके झाले की आपल्याला मधलं पाणीच दिसेनासं झालं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोचली, हे शाळेत असल्यापासून पाठ आहे. गंमत म्हणजे ती गाडी मुख्य भूमीवर आलीच नव्हती. मुंबई बेटावरून निघाली, साष्टी बेटावर येऊन थांबली. खाडी ओलांडून कल्याणला पोचायला १ मे १८५४ उजाडला. म्हणजे पहिलं वर्षभर आपली प्रवासी रेल्वे फक्त बेटांवरच धावत होती. पुढच्या वेळी कुणी टाउनवाला ‘तुम्ही तिकडे लांब राहता ना?’ म्हणाला की कल्याणकरांनी हे जरूर ऐकवावं. लांब तो राहतो. आपण भारतात राहतो.

हे बेटाचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका मैत्रिणीमुळे. ती मूळची फडके रोडची, सध्या एडिनबरात असते. गेल्या उन्हाळ्यात ती स्कॉटलंडमधल्या मल नावाच्या बेटावर जाऊन आली. (नावावर जाऊ नका, फोटो बघा.) ओबन नावाच्या गावाहून बोट पकडायची. पोचलं की टोबरमोरी बंदरातली लाल-पिवळी-निळी घरं, हिरवे डोंगर, ओस पडलेले पांढरे किनारे, आणि डोक्यावर पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड. हा गरुड ब्रिटनमधून शिकारीपायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार संपला होता. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून शेजारच्या रम बेटावर सोडली. १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. आज तीनेक हजार वस्तीच्या या बेटावर केवळ गरुड बघायला लोक येतात, आणि हॉटेलवाले, बोटवाले, बेकरीवाले त्यावर मजेत जगतात.

‘‘अगं, तीन तास पावसात उभे होतो आम्ही,’’ ती फोनवर सांगत होती. ‘‘आणि शेवटी आला तो पाठमोरा! पण सगळे जाम खूश.’’

तीन तास! आपल्याकडे इंडिकेटरवरची गाडी तीन मिनिटं पुढे सरकली तरी आपण अख्ख्या सेंट्रल रेल्वेचा उद्धार करतो. मी स्कॉटलंडच्या विरोधात नाही हं. व्हिसा, तिकीट आणि रजा ही तीन गणितं एकाच वर्षी सुटली तर मीही जाणार. पण ती जे सांगत होती ते ऐकताना वाटलं, तिने खरे पैसे मोजले ते वाट बघण्याचे. पाणी आणि प्राणी सांगतील त्या वेळेला हजर राहण्याचे. ते तर आपल्याकडच्या बेटावरही जमू शकतं.

तुलना करायची तर करूच. मलजवळ स्टॅफा नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथले षटकोनी खांबांसारखे काळे कातळ बघायला जगभरातून लोक बोटीत ओकत ओकत जातात. तसेच खांब आपल्या साष्टीवर आहेत, अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट हिलवर. तोच लाव्हा, तोच बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे स्टॅफापेक्षाही जुना. उंची जवळपास ६१ मीटर. चहूबाजूंनी इमारती आणि झोपड्या, वर गावदेवीचं मंदिर, पायऱ्या चढा आणि बघा. कुणी ओकत नाही.

समुद्रकिनाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण हरलो. मार्वेहून पाच मिनिटांच्या फेरीने मनोरीला जा, भाईंदरहून बसने उत्तनला जा, संध्याकाळ सुंदर होते, वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या फोटोत झकास येतात. पण पाणी निळं नाही आणि पोहण्याजोगं तर मुळीच नाही. त्यापेक्षा ओहोटीला जुहूच्या किंवा बांद्र्याच्या खडकांवर जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७ पासून लोकांना तिथे फिरवून आणताहेत. दगडांमधल्या डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, शंख आणि नशीब असेल तर ऑक्टोपस. एवढं सांगून किनारे संपवते, कारण मला पोचायचंय ते खाडीत.

माझ्या बाबांनी चौतीस वर्षं डोंबिवली-व्हीटी केलं. (त्यांच्यासाठी ते व्हीटीच.) मी एकदा हिशेब केला, त्यांनी ही खाडी वीसेक हजार वेळा ओलांडली असेल. त्यांच्या लेखी खाडी म्हणजे गजराचं घड्याळ. वास आला, ठाणं आलं, पत्ते आवरा. फेब्रुवारीत मी त्यांना म्हटलं, ‘‘बाबा, रविवारी खाडी बघायला जाऊ.’’ त्यावर उत्तर आलं, ‘‘खाडीत काय बघायचंय? आयुष्यभर बघितली.’’

तरी आले. ठाण्याहून वाशीची लोकल, ऐरोलीला उतरून रिक्षा. वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र तिथे २०१७ पासून आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. लाइफ जॅकेट घालताना बाबांचा चेहरा असा होता की जणू मी त्यांना फॅन्सी ड्रेसला उभं केलंय. बोट निघाली. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट रांग, बगळे, पाण्यावर भिरभिरणारे कुरव. लांबवर ऐरोलीचा पूल आणि पवईच्या बाजूचे टॉवर. पंधरा मिनिटं तसं काहीच झालं नाही. मग चिखलाच्या कडेला एक फिकट गुलाबी पट्टा दिसायला लागला.

‘‘ते काय, प्लॅस्टिक का?’’ बाबा म्हणाले.

बोटवाले दादा हसले. ‘‘काका, जरा थांबा.’’ त्यांनी इंजिन बंद केलं. बोट आपली आपण पुढे सरकत राहिली, आणि त्या प्लॅस्टिकला माना फुटल्या. शेकडो. बदकांच्या थव्यासारखा त्यांचा एकसारखा कलकलाट सुरू होता. माना खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळणं चाललेलं. मग कशाने कोण जाणे, एक कोपरा उठला. बसलेला फ्लेमिंगो गुलाबी असतो. उडाला की पंखांखालचा लालभडक आणि काळा रंग उघडतो. बोटीतले सगळे मोबाइल काढून उभे राहायला लागले, दादांनी ओरडून सगळ्यांना खाली बसवलं.

बाबांनी मोबाइल काढला नाही. ते एक डोळा मिटायचे, मग उघडून दुसरा मिटायचे. मला वाटलं, काहीतरी गेलं डोळ्यात. म्हटलं, ‘‘काय होतंय?’’ म्हणाले, ‘‘काही नाही. या डोळ्याने गुलाबी दिसतात. याने मळकट पिवळे.’’ त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डावा ते दीड वर्ष टाळत होते. ‘पेपर वाचता येतोय ना, झालं तर मग’ हे ठरलेलं उत्तर. आई, मी, दादा, शेजारचे काका सगळे सांगून दमलो होतो. बोटीतून उतरल्यावर, लाइफ जॅकेट परत करता करता ते मला म्हणाले, ‘‘डॉक्टरांना विचार, पुढच्या महिन्यातली तारीख आहे का.’’

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. व्यवस्थित.

आता जरा त्या गुलाबी रंगाबद्दल. तो रंग पक्ष्याचा नसतो, त्याच्या जेवणाचा असतो. खाडीच्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन तो पिसांत उतरतो. म्हणून थव्यात काही करडे-पांढरे दिसतात, ती पिल्लं. अजून पुरेसं जेवलेली नाहीत. नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलात हे पक्षी दिसायला लागले आणि पुढे खाडीत वर वर येत गेले. मोठे रोहित आणि छोटे रोहित अशा दोन्ही जाती येतात, पण गर्दी छोट्यांची. आणि इथे येण्याचं एक कारण ऐकून तुम्हाला हसावं की रडावं कळणार नाही. आपण सगळ्या शहरांचं सांडपाणी खाडीत सोडतो, त्याने शेवाळ माजतं, आणि ते शेवाळ हे त्यांचं पंचपक्वान्न. ज्या वासाने आपण नाकाला रुमाल लावतो, त्याच वासाच्या पोटात हे सौंदर्य आहे. याचा अर्थ घाण बरी असा कुणी काढू नये. सांडपाण्याबरोबर कारखान्यांचं काय काय येतं, ते शेवाळातून पक्ष्यांच्याही पोटात जातं.

सरकारने २०१५ मध्ये ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा सुमारे १६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ मध्ये ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण पक्ष्यांना यादी वाचता येत नाही. भरतीला चिखल बुडाला की त्यांना बसायला आजूबाजूची तळी, मिठागरं लागतात. ती बुजली की थवा अंधारात जागा शोधत फिरणार. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर उतरणीच्या विमानाला एक थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले. इमारतींच्या गच्च्यांत, रस्त्यावर सकाळपर्यंत पिसं गोळा करत होते लोक.

बोटवाल्या दादांनी मला एक भन्नाट हिशेब शिकवला. मी अ‍ॅप उघडून भरतीची वेळ शोधत होते, तर ते म्हणाले, ‘‘ताई, आज तिथी कोणती?’’ तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्हीकडे साधारण तेच. खाडीत आत आलं की थोडा उशीर धरायचा. दर दिवशी पाऊण तास पुढे. म्हणजे रोज आठ-पंधराची गाडी पकडणाऱ्या आपल्यासारख्यांना न झेपणारं टाइमटेबल. ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगतात आणि बोटीला पाणी नसतं. पाणी चढलं की ते कडेला गोळा होतात. रविवार, सोयीची भरती आणि बोटीची वेळ हे तिन्ही जुळायला हवं. आमच्या घरात कालनिर्णय बारा महिने भिंतीवर असतं आणि दूध-पेपरच्या खाड्यांपलीकडे त्याचा मी काहीही उपयोग केला नव्हता. आता तिथी बघते. आईला वाटतं, पोरगी उपास करायला लागली.

या बेटावर येणाऱ्यांमध्ये माझा सर्वांत लाडका प्रवासी मात्र पक्षी नाही. त्याचं नाव आजोबा.

२००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्कर आणि शांत, म्हणून बिबट्यांवर काम करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आजोबा म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांना वाटलं, राहील घाटात. आजोबा चालायला लागले. कसाऱ्याला त्यांनी रेल्वे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा हायवे ओलांडला, वसईचा कारखान्यांचा पट्टा पार केला, सगळं रात्री, कुणाच्या नजरेला न पडता. शेवटी खाडी लागली. ती पोहून ते नागला बंदरच्या जंगलात, म्हणजे आपल्या घोडबंदरच्या बाजूला, साष्टीवर पोचले. सुमारे १२० किलोमीटर, साधारण साडेतीन आठवडे. कसारा ते बेट हा प्रवास आपल्यातले हजारो लोक रोज करतात, पण कुणी पोहून आल्याचं ऐकिवात नाही! २०१४ मध्ये त्यांच्यावर ‘आजोबा’ हा मराठी सिनेमाही आला, उर्मिला मातोंडकरचा.

सिनेमा यायच्या आधीच आजोबा गेले होते. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदरजवळ हायवेवर गाडीची धडक बसली. शरीरातल्या चिपवरून ओळख पटली. खाडी जमली, हायवे जमला नाही.

संजय गांधी उद्यान आहे शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त, आणि २०१८ च्या मोजणीत तिथल्या परिसरात ४७ बिबटे कॅमेऱ्यांत आले होते. एका बाजूने बोरिवली, एका बाजूने ठाणे, वर घोडबंदर रोड. म्हणजे बेटाच्या पोटात आणखी एक बेट, पाण्याऐवजी ट्रॅफिकने वेढलेलं. जंगलातली तरुण जनावरं बाहेर पडायला बघतात आणि बाहेरून नवं रक्त यायला हवं असतं. तसं झालं नाही तर पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात. तुंगारेश्वरकडून नागलामार्गे येणारी आजोबांची वाट ही त्यांची कळव्याची खाडी आहे. आपल्या वाटेवर दर दोन-तीन मिनिटांनी गाडी आहे, त्यांच्या वाटेवरही आहे. पण त्यांना ती चुकवायची असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या एका मॉलच्या आवारात बिबट्या शिरला, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सेल लागला वाटतं’ छाप विनोदांचा पूर आला होता. विनोद चांगले होते. पण तो मॉलमध्ये का गेला, तर त्याच्या जंगलापासून मॉल इतका जवळ होता म्हणून.

जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली बोगद्याचं भूमिपूजन झालं. जंगलाच्या पोटाखालून जाणार तो. घोडबंदरचा वळसा वाचणार, म्हणजे आपल्यापैकी बोरिवली-कांदिवलीला जाणाऱ्यांचे रोजचे हाल वाचणार. मला तो हवा आहे, खोटं कशाला बोलू? पण मग घोडबंदरवरची जी गर्दी कमी होईल, तिथे नागलापाशी प्राण्यांना ओलांडायला धड जागा द्या, एवढं तरी आत्ताच ठरवून मागायला नको का? बोगद्याच्या ठाण्याकडच्या तोंडाशी टॉवर किती उठतील, याची जाहिरात तर कधीच सुरू झालीय.

येऊरला जाणार असाल तर पहाटे जा. बिबट्या दिसणार नाही, तो तुम्हाला बघेल. मोर ओरडताना ऐकू येईल, धुळीत पंजा दिसला तर नशीब. पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला पूजतात, त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि त्यांना सगळ्यांत जास्त त्रास होतो तो शनिवारी रात्री बंगल्यांवर डीजे लावणाऱ्या आपल्या मंडळींचा. असो. नावं घेत नाही, ओळखा स्वतःला.

फ्लेमिंगोसाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम, मेपर्यंत असतात. केंद्रावर आधी फोन करून बोटीची वेळ विचारून घ्या, ती भरतीप्रमाणे रोज बदलते. दुर्बीण मागून आणा, टोपी आणि पाणी न्या. बोटीत उभं राहू नका आणि ‘अजून जवळ घ्या ना’ असं दादांना सांगू नका, थवा उठला की परत बसायला जागा शोधत त्याची दमछाक होते. तेवढाही वेळ नसेल तर डोंबिवली पश्चिमेचं सातपूल आहे, खाडीकाठी, सकाळी सातला पक्षी बघणाऱ्यांचं एखादं टोळकं भेटतंच. आणि ऐरोलीला कुणा वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर येतानाची रिक्षा जातानाच बोलून ठेवा. दुपारी तिथे रिक्षा मिळत नाही. फ्लेमिंगो मिळतात.